न जुळवलेली पानं

परवाचंच सांगतो. आमची आई थळची धवलारीण, म्हणजे गावातल्या लग्नांत धवले गाणारी. तिच्या वर्षश्राद्धाला पाहुण्यांना द्यावीत म्हणून तिची गाणी मी अलिबागला छापायला टाकली. वीस पानं, तीस प्रती. आणायला गेलो तर पहिल्याच पानाचे तीस कागद, मग दुसऱ्याचे तीस!

दुकानातली मुलगी ओशाळली. "सॉरी काका, अनकोलेटेड निघालं."

"म्हणजे काय गं?"

तिने मोबाइलवर पाहिलं. "मूळ शब्द लॅटिन आहे. कोलेट म्हणजे एकत्र आणणं. हे एकत्र न आणलेलं."

म्हटलं, राहू दे, आम्ही जुळवू. घरी ताई आणि मी ओटीवर गठ्ठे मांडून बसलो. आठव्या पानाशी ताईचा हात थांबला. हळदीचं गाणं होतं.

"भाऊ, याची चाल कशी रं?"

"मना न्हाय येत. मना वाटलं, तुला येत असंल."

"आयला कवा इचारलंच न्हाय मी."

मग ताईने ते गाणं, शाळेत धडा वाचतात तसं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढलं.