मारेकऱ्याचं नमुनावाक्य

अहो पण मी चुकलो कुठे, तुम्हीच सांगा! शब्दकोशाच्या कचेरीत जन्म गेला माझा, शब्दाला अर्थ द्यायचा, उगम द्यायचा, एक नमुनावाक्य द्यायचं, आणि ते कानाला बरं लागतं का हे चारचौघांत मोठ्यानं म्हणून बघायचं, ही आमची पद्धत... परवा वाट्याला आला 'असॅसिन', म्हणजे राजकीय मारेकरी. मी आपला चहाच्या दुकानात म्हणून बघितलं, 'मंत्र्यांना टिपायला मारेकरी उद्या सभेत येणार.' बरं लागलं, म्हणून पुन्हा म्हटलं, जरा ठसक्यात.

आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच मंत्र्यांची सभा. आता मला काय ठाऊक? मी साधा शब्दकोशातला माणूस, पेपर वाचतो तो छपाईच्या चुका काढायला!

दुकानातल्या कोणीतरी पोलिसांना कळवलं आणि मला उचललं. चौकीत साहेब म्हणतात, "कुठल्या मंत्र्यांना?" म्हटलं, कुठल्याही, नमुना आहे. "तुझ्यामागे कोण आहे?" म्हटलं, संपादक. लावला फोन. संपादक तिकडून खेकसले, "वाक्य लांबलंय, सभा उडवा!" झालं, मला कोठडीत टाकलं. सांगतो, वाटलं आता घर काही दिसत नाही.

तरी साहेबांना समजावलं, अहो, मी शब्दकोशातला माणूस, उगम तरी ऐका. मूळ अरबी, 'हशीशी'. जुन्या काळी एका पंथाचे लोक मोठमोठ्यांचे खून पाडायचे, त्यांना म्हणे हशीश पाजायचे. पण पाजायचे याला पुरावा नाही हो, शत्रूंनी हिणवायला नाव ठेवलं आणि ते चिकटलं, असं जाणकार म्हणतात... साहेब हवालदाराला म्हणाले, "लिही, नशेचं प्रकरणही आहे."

शेवटी बायको आली. पदर खोचून म्हणते कशी, "साहेब, यांच्याच्यानं झुरळ मरत नाही. झुरळ दिसलं की हे खुर्चीवर चढतात आणि मला हाका मारतात." साहेबांनी दोनदा विचारलं, तिनं तीनदा सांगितलं, वर खुर्चीवर चढून दाखवलं. हवालदार हसून हसून भिंतीला टेकला, आणि सुटलो.

आता अख्खी गल्ली मला मारेकरी म्हणते. कोणाकडे झुरळ निघालं की हाक येते, "ओ मारेकरी, या जरा!" जातो बापडा. मी खुर्चीवर चढतो, ही मारते.