कुत्रा बांधून ठेवल्याबाबत

मी, धुळाजी बिरदेव कोकरे, वय ५४ वर्षे, धंदा मेंढपाळ, मूळ रा. ता. फलटण, जि. सातारा, सध्या मुक्काम रिहे, ता. मुळशी, जि. पुणे. आज दि. १७/११/२०२५ रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

मी पत्नी राजाबाई हिच्यासह मेंढरे घेऊन फिरतो. भात काढल्यावर शेतकरी खतासाठी आमची मेंढरे खाचरात बसवतात. रिहे येथील हैबतराव यांच्या खाचरात दि. १३ रोजी आम्ही वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बसवला. खाचराच्या कडेला ओढा असून त्यापलीकडे फार्महाऊस आहे. ते हैबतराव यांचे पुतणे किशोर चालवतात. आम्हास बोलावणेही किशोर यांनीच धाडले होते.

नव्या जागी पहिल्या दिवशी मी चारी कडांनी फिरून पाहतो. ओढ्यात कोंबड्यांची आतडी, पाय व पिसे पडलेली होती. त्यावर माश्या होत्या. शेजारच्या चिखलात बिबट्याच्या पायाचे ताजे ठसे होते. मी किशोर यांना विचारले, "हितं वाघ येतोय का?" ते म्हणाले, "न्हाई वो मामा, कुत्र्याचं पाय असत्याल. बिनघोर बसवा." ज्याच्या रानात वाडा बसतो त्याच्या घरचा शब्द मोडायचा नाही, अशी आमच्यात रीत आहे. तरी मी शेकोटी पेटती ठेवली व आमचा कुत्रा मोती यास खिळ्यांचा पट्टा घालून मोकळा सोडला. दोन रात्री काही झाले नाही.

दि. १५ रोजी, शनिवारी दुपारी किशोर पुन्हा आले. फार्महाऊसवरील पाहुण्यांना धुराचा त्रास होतो, शेकोटी नको, कुत्रा भुंकतो, तो बांधा, असे म्हणाले. ते गेल्यावर पत्नी म्हणाली, "धुराला नाक मुरडतोय, आन् त्याच्या वढ्याचा वास त्याला न्हाई व्हय येत?" मी तिला गप्प बसवले. शेकोटी विझवली.

सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास पत्नी ओढ्याकडे पाठ करून, खाली बसून कोकरू पाजत होती. त्या बाजूस बसायचे नाही हे तिला माहीत आहे. परंतु मोती दुसऱ्या टोकाला खुंट्याला होता व कोकरू त्याला बिचकत होते. बिबट्याने तिचा उजवा खांदा धरला. मी काठीने त्याच्या तोंडावर मारत राहिलो. समोर फार्महाऊसच्या गच्चीवर दहा-बारा माणसे मोबाईल धरून उभी होती. मी हाका मारल्या. कोणी खाली आले नाही. किशोर यांच्या कमरेला जनावर हाकलायच्या तिखट फवाऱ्याचा एक डबा होता. त्यांनी तो गच्चीवरूनच फवारला. वारा आमच्याकडे होता. डोळ्यांची व पत्नीच्या जखमेची आग झाली. बिबट्या कोकरू घेऊन गेला. तो डबा मी नंतर पाहिला, त्यावर अस्वलाचे चित्र आहे. आमच्या भागात अस्वल नाही.

गच्चीवरील पाहुण्यांपैकी सायली नावाच्या बाई नंतर खाली आल्या. त्यांनी चादर दिली व आम्हास आपल्या गाडीतून दवाखान्यात नेले. वाटेत त्या रडत म्हणाल्या, "काका, आम्हाला सांगितलं होतं, आज बिबट्या नक्की दिसेल, मेंढ्या आणून ठेवल्यात." मी त्यांना पुन्हा विचारले. त्यांनी तेच पुन्हा सांगितले. त्या जबाब देण्यास तयार आहेत.

पत्नीचा उजवा हात यापुढे खांद्याच्या वर उचलला जाणार नाही, असे डॉक्टर म्हणाले आहेत. ती शुद्धीवर असून मेंढरांची चौकशी करते.

किशोर यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे, ती मला वाचून दाखवली. दि. १६ रोजी सकाळी नऊ वाजता मी ओढ्यातील घाण बादलीत भरली व फार्महाऊसच्या जेवणाच्या टेबलावर ओतली, हे खरे आहे. तेव्हा पाहुणे पोहे खात होते. कुऱ्हाड दाखवली, हे खोटे आहे. माझे दोन्ही हात बादलीला होते. किशोर म्हणाले, "मामा, ही काय पद्धत झाली?" मी म्हणालो, "तुमचंच हाय, परत घ्या."

दि. १५ च्या सायंकाळी मोतीने दोर ओढून ओढून मान सोलून घेतली, पण गाठ सुटली नाही.

जबाब वाचून दाखवताना हवालदार साहेबांनी विचारले की, कुत्रा किशोर यांनी बांधायला लावला, असे लिहायचे का. मी सांगितले, त्यांनी बांधा म्हटले. बांधला मी. तसेच लिहा.

वरीलप्रमाणे लिहिले आहे. ऐकले, माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

समक्ष, निशाणी डावा अंगठा
धुळाजी बिरदेव कोकरे