खांद्यांना लावायचं मलम

बायको : ही ट्यूब तुमच्या दुकानात सापडली. ब्लेडच्या डब्यामागे.

नवरा : माझ्या खणात हात घालायचं कारण काय तुला?

बायको : डॉक्टरीणबाईंनी विचारलं म्हणून! पोटात गाठ नाही, पण माझ्या रक्तात पुरुषांचं हार्मोन वाढलेलं निघालंय. घरात कुणी त्या हार्मोनचं मलम लावतं का, म्हणाल्या. मी छातीठोकपणे सांगितलं, आमच्याकडे नाही बाई.

नवरा : मी माझ्या अंगाला लावतो. तुझ्या अंगात कसं जाईल? काहीतरीच!

बायको : कुठे लावता?

नवरा : खांद्यांना. दुकान बंद करताना.

बायको : आणि दिवसभर कात्री चालवून आखडलेले ते खांदे घरी आल्यावर रोज कोण चोळतं?

नवरा : तू चोळतेस.

बायको : मग तेच मलम माझ्या हातांना लागतं! दिवसाला तीस हनुवट्या बघता. माझ्या हनुवटीवरचे केस नाही दिसले?

नवरा : दिसले.

बायको : मग?

नवरा : म्हटलं, वयानं आले असतील. बोललो तर तुला लागेल.

बायको : वा! आणि पोटात गाठ असेल म्हणून मी महिनाभर मरणाच्या भीतीनं जागी, ते नाही लागलं मला? धाकटीला सांगूनसुद्धा ठेवलंय, माझ्या बांगड्या कुणाला द्यायच्या ते.

नवरा : माझं काय चाललं होतं, ते विचारलंस कधी? अंगात त्राण नाही, कशात मन नाही. एका गिऱ्हाइकानं ही महागाची ट्यूब आणून दिली.

बायको : रक्त तपासलंत?

नवरा : नाही.

बायको : सरकारी दवाखान्यात सकाळी दोनदा रक्त घेतात. ते हार्मोन खरंच कमी निघालं तर इंजेक्शन देतात, स्वस्तातलं. नाहीतर वजन, साखर, झोप बघतात. ट्यूब सापडल्यावर सगळं विचारून आलेय मी.

नवरा : त्या रांगेत माझीच गिऱ्हाइकं असतात. माझ्या खुर्चीत बसून ती कुणाकुणाबद्दल काय बोलतात, ऐकलंयस? एका म्हाताऱ्याला याच कारणावरून हसले, तेव्हा मीही हसलो होतो.

बायको : म्हणजे तुमची अब्रू राहावी म्हणून मी मिशा वाढवायच्या!

नवरा : तोंड सांभाळ.

बायको : नाही सांभाळत. चाळीस वर्षं सांभाळलं.

(फोन वाजतो.)

बायको : धाकटीचा आहे. रिपोर्ट विचारायला. घ्या, तुम्हीच बोला.

नवरा : मी? पोरीला हे सांगू?

बायको : मी बांगड्यांचं सांगितलं ना तिला? घ्या.

मुलगी : बाबा? आई कुठेय? काय निघालं रिपोर्टमध्ये? बाबा, बोला ना, मला घाबरायला होतंय.

नवरा : रडू नकोस गं. आई धडधाकट आहे. डॉक्टरकडे मला जायचंय.