पाण्याचा वार

दुष्काळामुळं यंदा शहरात नळाला आठवड्यातून एकदाच पाणी होतं. गारखेड्याच्या बसमध्ये बानाबाईंचा जरा कुठं डोळा लागला, तोच मागच्या सीटवरची पोरगी खिदळली.

“अभय, आपल्या कंपनीला नवा डेव्हलपर घेतला!”

“करुणा, कोडिंग बघितलं का त्याचं?”

“नंतर बघितलं. आधी विचारलं, नळाला पाणी कोणत्या वारी येतं?”

“हे काय इंटरव्ह्यूत विचारतात व्हय?”

“मग? आपल्याकडच्या शीलाचा मंगळवार, ह्याचा शुक्रवार. पाणी भरायला दोघं एकाच दिवशी दांडी मारणार नाहीत!”

“लई भारी. आणि आपले वार?”

“माझा सोमवार, तुझा गुरुवार.”

“म्हणजे आपल्या दोघा मालकांच्याच दोन सुट्ट्या. लग्न केलं तर एक घर, एक नळ, एकच सुट्टी.”

“...अभय, तू कंपनीचं बोलतोय का?”

“कंपनीचंबी.”

बानाबाईंचा स्टॉप आला नि गेला. त्या काही उठल्या नाहीत.

“मग पाणी कोण भरणार?”

“मी.”

“दर आठवड्याला?”

“दर आठवड्याला. हंडे, बादल्या, सगळं.”

“बरं. घेतलं तुला. जॉइन कधी होतो?”