वैनीचे भाजलेले काजू

पेजवर अजून काय काय टाकायचं म्हणता? थांबा, आधी आमच्या वैनीचं ऐका.

गोव्यातल्या लाटंबार्से गावची आमची वैनी इन्स्टाग्रामवर एकच वस्तू विकायची, घरच्या भट्टीवर भाजलेले काजू. व्हिडिओत धुराने खोकत खोकत बोलायची आणि तो खोकला ऐकूनच लोक ऑर्डर द्यायचे. मग माझ्या दादाच्या डोक्यात धंदा वाढवायचं शिरलं. त्याने पेजवर आधी कोकमाची सोलं चढवली, मग मसाले, मग गणपतीची मखरं आणि शेवटी भाड्याच्या स्कूटर.

वैनी म्हणायची, "अहो, दिवसभर स्कूटरवाल्यांना उत्तरं देते. भट्टी पेटवू कधी?"

दादा म्हणायचा, "काजू काय, लोकांना ठाऊकच आहेत."

हळूहळू भट्टी थंड पडली.

परवा पणजीच्या एका बाईंचा फोन आला, अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाईक. दादाने स्पीकर लावला.

"गो बाय, केवढं वाढवलंत तुम्ही! काजू काही आता पेजवर दिसत नाहीत, पण सगळीकडे ओळखी असतील. भाजलेले काजू चांगले कोणाकडे मिळतील, सांगशील?"

दादाने फोन वैनीपुढे धरला.

वैनी म्हणाली, "होती एक आमच्या गावात. आता नाही भाजत ती."