बर्फातलं भोक

ग्रीनलंडमधल्या उमानाकच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे मासाउना उभा होता, हातात कुत्र्यांनी ओढायच्या बर्फगाडीची दोरी. त्याच्यापुढे त्याची वहिनी, पिपालुक.

“वहिनी, यंदाही खाडी धड गोठली नाही. जगापेक्षा आपल्याकडंच एवढं जास्त का तापतंय?”

“तुझी कुत्री बर्फावर हगतात, तिथं ऊन पडलं की काय होतं?”

“भोक पडतं. काळं ऊन पितं, पांढरं परत फेकतं.”

“मग झालं तर!”

“पण अख्ख्या समुद्रावर कोण हगलं?”

“मेल्या, बर्फ गेला की खाली काळं पाणीच ना? ते ऊन पितं, शेजारचा बर्फ खातं. की आणखी काळं पाणी!”

“म्हणजे भोक आपलं आपणच वाढतंय?”

“खाली दक्षिणेतल्या देशांत समुद्रावर वितळायला बर्फच नाही, म्हणून तिथं एवढं तापत नाही, ते निवांत.”

मासाउनाचा नंबर आला.

“दोरी राहू दे. वल्ही दाखवा.”

“संपली. सगळे तीच नेतायत.”