मोरो राजकन्येचा झगा

हलू नका हो बाई, टाचणी टोचेल — आणि हात वर धरा, हं, राजकन्येसारखे, फळ्यावर लिहिल्यासारखे नको. आता ही कंबर बघा, मूठभर कापड उरतंय, आणि खाली बघावं तर पोटऱ्या उघड्या. जेवता की नाही तुम्ही मनिलावाले? नुसती उंची. नाही, झग्यात काही खोट नाही, झगा मी शिवलाय — या गावातले राजे, सरदार, देवळातला सान इसिद्रोसुद्धा माझ्या हातचं घालतो — खोट असली तर अंगात असेल. संध्याकाळी चौकात बँड वाजला की मोरोंची राजकन्या बाहेर पडलीच पाहिजे, आणि आज सकाळी, ऐन सणाच्या, फिएस्ताच्या सकाळी, माझ्या लेकीचा फोन, की येत नाही. म्हणून तुम्हाला धरून आणलं. तुमच्यावर राग नाही माझा. राग आहे, पण तुमच्यावर नाही.

तुम्हाला वाटत असेल, नाटकच तर आहे, एक नाही तर दुसरी उभी राहील. नाटक नाही ते — म्हणजे आहे नाटक, तलवारी आहेत, ख्रिस्ती राजपुत्र आहे, मुसलमान मोरोंची राजकन्या आहे, त्यांचं जमता जमत नाही, तासन्तास चालतं — पण आमच्या कोमेद्यात उभी राहतात ती नवसाची माणसं. मेदिंग माझी तान्ही होती, तापाने फणफणलेली, डोळे पांढरे केले पोरीने, तेव्हा मी सान इसिद्रोपुढे गुडघे टेकून बोलले, हिला वाचव, मोठी झाली की तुझ्या फिएस्ताला ही राजकन्या होऊन चौकात चालेल. वाचली. त्याने त्याचं काम केलं. हिची नवस फेडायची वेळ आली तेव्हा एकदा परीक्षा, एकदा तो मुडदा नवरा, मग ते इटलीतलं मिलान, तिथल्या कुठल्या म्हाताऱ्या बाईला आंघोळ घालायची नोकरी — आणि दर वर्षी एकच, आई, पुढच्या मे महिन्यात नक्की. मी संताला काय सांगू? त्याच्याकडे बघायची लाज वाटते मला, दिवा लावते आणि मान खाली घालून निघून येते.

आणि ते तुम्ही मघाशी म्हणालात ना, आपली संस्कृती किती सुंदर आहे — सगळेच म्हणतात. मेदिंगही म्हणते. तिकडे बसून फोनवर माझे फोटो लावते, माझी आई कोमेद्याचे कपडे शिवते, आणि खाली लोक बदाम टाकतात, लाल लाल. पण झग्याला कापड कुठलं पाठवलंय माहितीये? ते बघा, कपाटावर ठेवलंय. निळं. भारी सॅटिन, चकचकीत, आणि निळं. मग काय झालं म्हणता? घ्या. अहो, निळे ख्रिस्ती, लाल मोरो, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. या चौकात वाढलेल्या मुलीने मोरो राजकन्येला निळं पाठवावं? आणि ती विसरली असंही नाही, विसरायला आधी बघावं लागतं. मी तिला खांद्यावर बसवून कोमेद्या बघायची आणि ही तिकडे तोंड करून आइस्क्रीमवाल्याकडे बघायची. मी आपलं लाल कापड आणलं. तिला सांगितलंसुद्धा नाही.

तुमच्या वर्गातल्या पोरांनी शाळेच्या भिंतीवर डोंगरातल्या बाईची गोष्ट काढलीय ना — छान काढलीय, नाक जरा वाकडं आलंय — ती लोकांना लग्नाला ताटं उसनी द्यायची, झगे द्यायची, लोकांनी परत केले नाहीत, मग तिने दार लावून घेतलं ते कायमचं. खाली लिहिलंय, घेतलेली वस्तू परत करावी. मला नाही तसं वाटत. ताटांसाठी कोण एवढं रुसतं? ती कंटाळली असेल. दर लग्नाला आपला झगा दुसरीच्या अंगावर बघायचा, कोपऱ्यात उभं राहून, आणि स्वतः मात्र — जाऊ दे. वळा. पाठ इकडे करा.

ओळी म्हणा बघू. पडद्यामागून कोमेद्याचे मास्तर सांगतीलच, तुम्ही फक्त मागून म्हणायच्या, पण अगदीच कोऱ्या नका जाऊ. अहं. असं वाचून दाखवल्यासारखं नाही. ऐका —

बापाच्या गडाला सात दरवाजे,
आठवा उघडे, ते काळीज माझे.

काळीज म्हणताना छातीवर हात नाही ठेवायचा, ते सिनेमातलं — हात तलवारीच्या मुठीवर, आणि मूठ सावकाश सोडायची, म्हणजे बघणाऱ्यांना कळतं की ही हरली, आणि राजीखुशीने हरली. मला कसं पाठ? मला नाही तर कुणाला असणार? उभी हयात — म्हणजे लग्न होईपर्यंत — राजकन्येच्या मागे पंखा धरून दासी कोण उभी होती? मास्तरांच्या वडिलांकडे मी गेले होते एकदा, राजकन्येचं काम मागायला. ते म्हणाले, सेबिया, तू बुटकी, तू काळी, आणि तुझा आवाज बलुत विकणारीचा, तू राजकन्या म्हणून तोंड उघडलंस की लोक बदकाची अंडी घ्यायला धावतील. सगळे हसले. मीही हसले, तिथे रडून काय करणार. मग पंखा हलवायचा आणि ओठ मिटून, आतल्या आत, सगळ्या ओळी. एकदा राजकन्या अडखळली आणि ओळ माझ्याच तोंडून गेली. सगळा चौक गप्प झाला. कुणाला कळलं नाही कोण बोललं, पण बाई, एक जण हसलं नाही. एक जणसुद्धा नाही. पण ते जुनं झालं, त्याचा नवसाशी काही संबंध नाही, नवस लेकीसाठी होता. लेकीच्या जिवासाठी.

आणि तिने सकाळी काय म्हणावं? सुट्टी मिळत नाही म्हणाली, ठीक, रडली थोडी, तेही ठीक — आणि मग हसून म्हणते, आई, तूच हो ना राजकन्या, नवस बोललीस तू, पाठ तुला, मला कशाला मध्ये घेतेस? मला कशाला मध्ये घेतेस. ज्या पोरीच्या जिवासाठी मी — साठी उलटलेली राजकन्या, ऐकलंय कुठे? गुडघे कुरकुरतात माझे. राजपुत्र म्हणजे त्या खाटकाचा धाकटा, त्याच्या आईच्या वयाची मी. मी फोन ठेवून दिला. तोंडात टाचण्या होत्या, नाहीतर चांगली बोलणार होते.

हं, खांदा उतरतोय इथे. दंडात सैल, कंबरेत सैल, लांबीला तोकडा — तुम्ही माणूस आहात की बांबू? मेदिंगचं माप? मेदिंगचं माप कुठून आणणार, ती तिकडे, आणि मागितलं तर पाठवते पाठवते. आरसा होता, माझ्याच अंगावर घालून बघत शिवला, दार लावून हो, दुपारचा. गळा जमेना, उसवला, परत शिवला, परत घातला. घालून थोडी चाललेही, घेर कसा पडतो ते बघायला नको? चांगला पडत होता. माझ्यावर चांगला पडत होता, तुमच्यावरच काय —

काय म्हणालात?

कुणाच्या मापाचा?

तुम्हाला शिवणातलं काय कळतं. पुस्तकं शिकवा. उतरवा तो. उतरवा म्हणते ना — सावकाश, टाचण्या आहेत, सगळ्या काढायच्यात आता. द्या इकडे. आणि मास्तरांना जाऊन सांगा — नको, काही सांगू नका. विचारलंच तर म्हणावं, राजकन्या येतेय, ओळी सांगू नका तिला. जा तुम्ही. आणि बाई, जाताना दार ओढून घ्या.